होळीच्या आधी बॉनेट उघडा

पोरांनो, आपल्या रायपुरात गाडी बंद पडते ती मे महिन्यात, पण तिचं बिघडणं सुरू झालेलं असतं आधीच्या दहा महिन्यांत. नौतपा लागला, पारा ४४-४५ अंशांवर गेला, की रिंग रोडच्या कडेला बॉनेट वर करून उभ्या गाड्या दिसू लागतात आणि जो तो उन्हाला बोल लावतो. पण ऊन दरवर्षी येतं, आणि त्याच रस्त्यावरून बाकीच्या गाड्या बिनबोभाट जात असतात. तापून उभी राहिलेली गाडी ही बहुतेक वेळा वर्षभर कुणी न पाहिलेली गाडी असते.

जुन्या सहा नंबरच्या हायवेवर, म्हणजे आजच्या ५३ नंबरच्या रस्त्यावर, रायपूर-नागपूर अँबॅसेडर आणि जीप हाकणाऱ्या माणसांकडून आमच्या पिढीने हे शिकून घेतलं. त्यातलं जे आजच्या गाड्यांनाही लागू आहे ते सांगतो. जे आता सोडून द्यायला हवं तेही सांगतो, कारण ते गॅरेजांतून अजून ऐकू येतं.

आधी उष्णतेचा हिशेब समजून घ्या

पेट्रोल-डिझेल जळून जी ऊर्जा निघते तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच चाकांपर्यंत पोचतो. साधारण तेवढाच सायलेन्सरमधून धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला इंजिनच्या अंगात मुरतो. सिलिंडरमध्ये भडका उडतो तेव्हा वायूचं तापमान क्षणभर २००० अंशांच्याही वर जातं. इंजिनचं हेड आजकाल ॲल्युमिनियमचं असतं, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरीही ते शाबूत राहतं, कारण त्याच्या पोटातून कूलंट सतत फिरत असतं. वॉटर पंप ते फिरवतो. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडून ते रेडिएटरकडे सोडतो. रेडिएटरच्या जाळीतून वारा जातो आणि उष्णता घेऊन जातो. गाडी उभी असेल तर तो वारा फॅन ओढतो.

आता रायपूरची गोष्ट. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंशांवर आहे असं धरा. डिसेंबरातल्या सकाळी हवा १५ अंशांची, म्हणजे फरक ८० अंशांचा. मेमध्ये हवा ४५ अंशांची. त्यात एसी चालू. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच असतो, त्यामुळे रेडिएटरला मिळणारी हवा आणखी दहा-पंधरा अंश तापून येते. फरक उरला ३५-४० अंशांचा. तोच रेडिएटर, तेच इंजिन, पण अंगातली ताकद निम्मी.

म्हणून हिवाळ्यात अर्धी जाळी धुळीने बुजलेली असली तरी गाडी तक्रार करत नाही. तिच्याकडे शिल्लक असते. उन्हाळा ती शिल्लक काढून घेतो आणि आपण दहा महिने जे पाहिलं नाही ते एका दुपारी समोर येतं. यातूनच आपल्याकडचा पहिला नियम निघतो: कूलिंगचं सगळं काम संक्रांत ते होळी या दिवसांत उरकायचं. चैत्र नवरात्रात डोंगरगढला बम्लेश्वरीच्या दर्शनाला निघालात की ऊन तापलेलं असतं आणि गॅरेजवाल्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. फेब्रुवारीत तोच मेकॅनिक तुमची गाडी निवांत पाहतो.

सकाळी, गाडी थंड असताना पाहायचं

अँबॅसेडरच्या काळात रोज सकाळी बॉनेट उघडावंच लागे. पाणी कमी होई आणि ते भरल्याशिवाय कुणी निघत नसे. बंपरला पाण्याची छागल टांगलेली असे आणि मागे एक जेरीकॅन. १९८३ मध्ये मारुती ८०० आली, पुढे सगळ्याच गाड्या रिझर्व्ह टाकी आणि विजेच्या फॅनवर गेल्या, आणि रोज बॉनेट उघडण्याची गरज संपली. गरज संपली ते बरंच झालं, पण तिच्याबरोबर पाहण्याची सवयही गेली. ती परत लावून घ्या. रोज नको, आठवड्यातून एकदा पुरे. मे-जूनमध्ये आणि लांबच्या प्रवासाआधी मात्र न चुकता.

रिझर्व्ह टाकीवर मिन आणि मॅक्स अशा दोन रेघा असतात. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत पातळी त्या दोन रेघांमध्ये असली पाहिजे. कूलंटचं चक्र बंद असतं, त्यामुळे पातळी महिनोन् महिने जवळजवळ तशीच राहायला हवी. दर पंधरा दिवसांनी भर घालावी लागत असेल तर ‘उन्हाने उडतं’ असं मनाला समजावू नका. ते कुठून तरी जातंय.

कुठून, ते शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. गाडी उभी राहते तिथल्या फरशीवर गुलाबी, हिरवा किंवा निळा ओला डाग. होज पाईपच्या टोकाशी, क्लॅम्पजवळ, वाळलेली रंगीत पापडी. वॉटर पंपाखाली ठिबक. पुढच्या सीटच्या पायाशी ओली चटई आणि गाडीत गोडसर वास, म्हणजे हीटरच्या आतल्या छोट्या रेडिएटरला गळती. बाहेर कुठेच काही दिसत नसेल तर जास्त सावध व्हा. ऑइलचं झाकण उघडून आत दुधाळ तपकिरी थर दिसतो का पाहा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो का पाहा. तसं असेल तर कूलंट बहुधा इंजिनच्या आत शिरतंय आणि हेड गॅस्केट गेलेलं असण्याची दाट शक्यता आहे. ती गाडी त्या दिवशी चालवू नका.

बोअरचं पाणी रेडिएटरला पाजू नका

हा मंत्र रायपूरकरांनी विशेष लक्षात ठेवायचा. आपलं शहर चुनखडीच्या खडकावर वसलं आहे. तिल्दा, बलौदा बाजार या भागात सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते याच दगडामुळे. तोच चुना आपल्या बोअरच्या पाण्यात विरघळलेला असतो. गीझरच्या कॉइलवर आणि पाणी तापवायच्या पातेल्याला जो पांढरा थर बसतो, तोच थर इंजिनच्या जॅकेटमध्ये आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. पाणी जितकं तापतं तितका चुना लवकर बसतो, आणि चुन्याच्या थरातून उष्णता बाहेर पडायला कष्ट पडतात. एकदा भरलं म्हणून गाडी मरत नाही. दर वेळी घरच्या नळाखालची बादली ओतत राहिलात तर दोन-तीन वर्षांत रेडिएटर आतून आवळत जातो, आणि तो बाहेरून कितीही धुतला तरी फरक पडत नाही.

भरायचं ते कूलंट. अनेक जण म्हणतात, आपल्याकडे कुठे पाणी गोठतं, मग कूलंट कशाला? गोठणं रोखणं हा त्याचा एक गुण झाला. आपल्या कामाचे गुण दोन. एक, त्यातली रसायनं लोखंड आणि ॲल्युमिनियम गंजू देत नाहीत. दोन, ते पाण्यापेक्षा उशिरा उकळतं. साधं पाणी आपल्याकडे १०० अंशांच्या आसपास उकळतं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी आणि त्यावर झाकणाचा दाब असेल तर उकळण्याची वेळ १२० अंशांच्याही पुढे येते. मेमधल्या ट्रॅफिकमध्ये हे वीस अंशच गाडीला तारतात.

विकत घेताना डबा वाचा. काही कूलंटं थेट ओतायची असतात, काहींत पाणी मिसळायचं असतं. मिसळायचं पाणी डिस्टिल्ड, म्हणजे आपण बॅटरीचं पाणी म्हणून आणतो ते. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असेल तेच ठेवा. कूलंट जितकं दाट तितकं चांगलं, हा समज खोटा आहे. उष्णता वाहून नेण्यात पाणी सरस असतं, म्हणून दोघांचा मेळ हवा. रंगावर जाऊ नका. सारख्या रंगाची दोन कूलंटं वेगळ्या रसायनांची असू शकतात, आणि ती एकत्र झाली तर आत गाळ धरतो. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार सांगितला आहे तोच घ्या आणि जितक्या वर्षांनी बदला म्हटलं आहे तितक्या वर्षांनी पूर्ण बदला. रंग ताजा दिसला तरी गंज रोखणारी रसायनं संपलेली असतात.

एक काळजी घ्या. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. काढलेलं कूलंट नालीत किंवा गल्लीत ओतू नका. कुत्रं चाटतं, गाय तोंड लावते. डबा लहान मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

जाळीला श्वास घेऊ द्या

१९०० च्या अखेरीस डाइमलर कंपनीत विल्हेल्म मायबाखने पहिल्या मर्सिडीजसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या आणि त्यांच्या आतून वारा जाई. अगदी सुरुवातीच्या गाड्यांना पाणी वाफ करून उडवावं लागे आणि वाटेत भरत राहावं लागे. वाऱ्याला भिडणारं अंग वाढवलं की थोड्या पाण्यात भागतं, हे त्याने दाखवलं. आजही सगळा खेळ त्या बारीक फटींचा आहे.

आपल्याकडे त्या फटी बुजायला काय कमी आहे? उरला आणि सिलतऱ्याकडची काळी धूळ, राइस मिलचा कोंडा, धानकापणीच्या दिवसांतला भुसा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रात्री दिव्यांवर तुटून पडणारे माहू किडे हेडलाइटच्या उजेडाकडे येतात आणि थेट जाळीत चिकटून मरतात. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या जागेत हे सगळं साचतं आणि समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छच दिसते. म्हणून दिवाळीनंतर एकदा आणि होळीआधी एकदा दोन्हींच्या मधली जागा साफ करून घ्या.

धुताना पाण्याची साधी धार आणि मऊ ब्रश वापरा. जमेल तिथे धार इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने सोडा, म्हणजे कचरा आला त्या वाटेने निघेल. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशर गन जाळीच्या जवळ आणू देऊ नका. पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि वाट कायमची बंद होते. पुढे जाड गार्ड, जास्तीचे दिवे, मोठी पाटी लावायची हौस असेल तर आधी पाहा की वारा आत जायला किती जागा उरते.

फॅन, बेल्ट, पाईप, झाकण

धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो. जयस्तंभ चौकात किंवा मालवीय रोडच्या गर्दीत उभ्या गाडीला फक्त फॅन असतो. हायवेवर ठीक आणि ट्रॅफिकमध्ये तापते, अशी गाडी असेल तर संशय फॅनवर घ्या. उलट, गावात ठीक आणि हायवेच्या वेगात किंवा चढावर तापते, तर संशय रेडिएटर चोंदल्याचा, कूलंट कमी असल्याचा किंवा वॉटर पंपाचा. मेकॅनिककडे जाताना एवढं सांगता आलं तरी त्याचा निम्मा वेळ वाचतो.

फॅन घरीच तपासता येतो. इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरू लागतो. मग एसी बंद करून गाडी उभ्या उभ्या चालू ठेवा आणि काट्यावर नजर ठेवा. काही वेळाने फॅन आपला आपण सुरू होऊन पुन्हा थांबला पाहिजे. फॅनजवळ हात, ओढणी, गळ्यातला गमछा नेऊ नका. इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो.

होज पाईप थंड असताना दाबून पाहा. दगडासारखा कडक, चिरलेला, फुगलेला किंवा पिलपिलीत लागला तर बदला. बेल्टला चिरा असतील, सुरू करताना किंचाळत असेल तर बदला. काही इंजिनांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालतो. तिथे बेल्ट बदलताना पंपही बदलून घ्या, कारण मजुरी एकदाच पडते.

रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं. दाब धरून ठेवतं आणि फार झाला की सोडतं. त्याचं रबर वाळलं, स्प्रिंग ढिली पडली, की दाब राहत नाही आणि कूलंट लवकर उकळतं. सगळ्यात स्वस्त भाग हाच आणि सगळ्यात शेवटी आठवतो तोही हाच. बदलताना त्याच दाबाचं झाकण घ्या.

जुन्या युक्त्या, ज्या आता सोडायच्या

‘आपल्याकडे उन्हात थर्मोस्टॅट कशाला, काढून टाका,’ असं सांगणारे अजून भेटतात. ऐकू नका. थर्मोस्टॅट नसेल तर सकाळी इंजिन लवकर तापावर येत नाही, पेट्रोल जास्त जळतं, झीज वाढते. काही इंजिनांत तर त्याच्याशिवाय कूलंट रेडिएटरला वगळून मधल्या वाटेने फिरत राहतं आणि इंजिन उलट जास्त तापतं. बिघडला असेल तर नवा बसवा.

रेडिएटर गळला की त्यात हळद टाकायची, ही ट्रकवाल्यांची जुनी युक्ती. बारीक छिद्र काही काळ बुजतंही. पण हळद छिद्र ओळखत नाही. आजच्या रेडिएटरच्या आणि हीटरच्या अरुंद नळ्याही ती बुजवते. दूरवर गॅरेज नसेल, दुसरा काही इलाजच नसेल, तर पुढच्या गावापर्यंत पोचायला ठीक. त्यानंतर रेडिएटर आतून धुऊन घेणं आलंच.

फॅनला डायरेक्ट वायर जोडून तो सतत चालू ठेवणं हेही तसंच. वाटेतली सोय म्हणून चालेल, कायमचं केलंत तर फॅनची मोटर आणि बॅटरी दोन्ही लवकर जातील आणि मूळ दोष तसाच राहील.

घाटात आणि लांबच्या रस्त्यावर

जगदलपूरला जाताना कांकेरच्या पुढे केशकालचा घाट लागतो, जबलपूरच्या वाटेवर कवर्ध्याच्या पुढे चिल्फीचा. चढावर इंजिनला कष्ट जास्त आणि वारा कमी. गियर वेळेवर खाली घ्या. वरच्या गियरमध्ये घरघरत चढवू नका. खालच्या गियरमध्ये इंजिन मोकळं फिरतं आणि बेल्टवरचा पंपही जोराने पाणी फिरवतो. माल भरलेल्या ट्रकच्या मागे चिकटून चढू नका, त्याची सगळी गरम हवा तुमच्या जाळीत येते. काटा नेहमीच्या जागेवरून सरकला की चढ संपेपर्यंत एसी बंद ठेवा.

अनेक नव्या गाड्यांत काटाच नाही. थंड असताना निळा दिवा, तापल्यावर लाल, मधलं काही नाही. म्हणून लाल दिवा म्हणजे सूचना समजू नका, तो हुकूम आहे.

काटा चढला तर

एसी बंद करा. काचा उघडा. हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा पूर्ण वेगात लावा. हीटर हाही एक छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनची थोडी उष्णता काढून घेतो. हे फक्त सुरक्षित जागी गाडी बाजूला घेईपर्यंत. बाजूला घेतली की इंजिन बंद.

हीटर पूर्ण गरमवर असून एकदम थंड हवा येऊ लागली, तर आत कूलंट उरलेलं नाही. तापलेला काटा अचानक खाली आला तरी तोच संशय धरा. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला नसेल तर तो खरं सांगू शकत नाही. ‘काटा उतरला, चला’ म्हणून निघालेल्या गाड्यांचीच इंजिनं सीज होतात. हेड केसाच्या जाडीएवढं वाकलं तरी गॅस्केट धरत नाही, आणि तेवढं वाकायला ‘समोरच्या चौकापर्यंत’ एवढं अंतर पुरतं. लग्नाचा मुहूर्त असो की स्टेशनवर गाडी पकडायची असो, थांबायचं म्हणजे थांबायचं.

वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बॉनेट उघडू नका. झाकणाला किमान पाऊण तास हात लावू नका. दाब सुटला की उकळतं कूलंट एका क्षणात तोंडावर, हातांवर उडतं आणि ती भाजणूक फार वाईट असते. तापलेल्या इंजिनावर वरून थंड पाणी ओतू नका, धातू तडकतो. पूर्ण निवल्यावर जाड कापड धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, दाब जाऊ द्या, मग काढा आणि हळूहळू भरा. कूलंट नसेल तर बाटलीतलं पिण्याचं पाणी भरा, आणि नंतर सगळं काढून पुन्हा कूलंट भरून घ्या.

या पाऊण तासात गाडीपेक्षा माणसांकडे जास्त लक्ष द्या. मेच्या दुपारी बंद गाडीत कुणालाही बसवून ठेवू नका. मुलं, म्हातारी माणसं झाडाखाली किंवा ढाब्यावर न्या, पाणी पाजा. म्हणून गाडीत पाच लिटर पाण्याचा डबा माणसांसाठी वेगळा आणि एक लिटर कूलंट गाडीसाठी वेगळं ठेवा. गळती दिसत असेल, पाणी भरल्या भरल्या जात असेल, तर पुन्हा चालू करायचा मोह टाळा आणि टोचन करून न्या.

मग गॅरेजमध्ये. तिथे कुणी ‘पाणी कमी होतं, भरलंय, आता घेऊन जा’ म्हणालं तर समाधान मानू नका. कूलंटचा डबा काही शे रुपयांचा, हेड उतरवून लेथवर घासून घेण्याचं काम त्याच्या कितीतरी पट खर्चाचं. सिस्टिमला दाब देऊन गळती तपासायला सांगा, फॅन आणि थर्मोस्टॅट समोर चालवून दाखवायला सांगा. मेकॅनिक वयाने मोठा असो, ओळखीचा असो, त्याला नम्रपणे एकच प्रश्न विचारा: पाणी गेलं कुठे? त्याचं उत्तर बोट ठेवून दाखवल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.